फ्लोरेन्सचं दार उघडंय, कुलूप आपल्या तालुक्यात आहे

पोस्ट मोठी आहे आणि विषय रुक्ष वाटेल. तरी वाचा, कारण सुरुवात तुमच्या फडताळातल्या मधाच्या बाटलीपासून होते.

डिसेंबर २०२० मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट, म्हणजे सीएसई या संस्थेने बाजारातल्या १३ ब्रँडच्या मधाची तपासणी जाहीर केली होती. आधी गुजरातमधल्या प्रयोगशाळेत आपल्या देशी कायद्याच्या कसोट्या लावल्या. मोठे ब्रँड बहुतेक पास. मग नमुने गेले जर्मनीला, एनएमआर नावाच्या तपासणीसाठी. सगळ्या कसोट्या धरल्या तर १३ पैकी टिकले फक्त ३. कंपन्यांनी आरोप फेटाळले, आठवडाभर टीव्हीवर आरडाओरडा झाला, मग आपण सगळे विसरलो आणि पुन्हा तीच बाटली घेऊन आलो.

त्यातली एक गोष्ट मात्र माझ्या डोक्यातून जात नाही. त्याच वर्षी १ ऑगस्टपासून अमेरिकेला जाणाऱ्या भारतीय मधाला सरकारने एनएमआर तपासणी सक्तीची केली होती. म्हणजे अमेरिकन माणसाच्या मधाला एनएमआर, आणि तुमच्याआमच्या पोराच्या चमच्यातल्या मधाला साधी परीक्षा! बरं, नमुना तपासायला जर्मनीच का? भारतात एनएमआरची यंत्रं नाहीत काय? आहेत की. ढिगाने आहेत.

इथेच खरा विषय सुरू होतो.

मी पत्रकारितेचा डिप्लोमावाला माणूस. विज्ञान दहावीला सुटलं ते सुटलंच. पण या प्रश्नापायी दोन-तीन जाणकारांना बराच छळलाय, आणि जे समजलं ते आपल्या भाषेत सांगतो. एनएमआर म्हणजे न्यूक्लिअर मॅग्नेटिक रेझोनन्स. पदार्थ जबरदस्त चुंबकात ठेवायचा, त्याला रेडिओलहरीने टोकरायचं, आणि आतली अणुकेंद्रकं काय सूर काढतात ते ऐकायचं. त्या सुरांवरून रेणूची घडण कळते. दवाखान्यातला एमआरआय याचाच सख्खा भाऊ. त्याच्या नावातला 'न्यूक्लिअर' तेवढा गाळला, पेशंट घाबरतात म्हणून.

मधाच्या तपासणीत या सुरांचा जो आलेख येतो तो बोटाच्या ठशासारखा असतो. पण पोलिसांकडे ठसा असून भागत नाही, जुळवायला ठशांचा संग्रह लागतो. तसंच इथे. जगभरच्या खऱ्या मधाच्या नमुन्यांचा संग्रह ज्याच्याकडे, निकाल देण्याचा अधिकार त्याच्याकडे. महाबळेश्वरच्या रानातला जांभळाचा मध, सात-आठ वर्षांनी एकदा फुलणाऱ्या कारवीचा मध, हे त्या संग्रहात पुरेसे नसतील, तर आपला अस्सल मध तिकडे परका ठरू शकतो. आणि संग्रह कुणा एका देशाने एकट्याने करायची गोष्टच नाही. नमुने इथले, यंत्र तिथलं, तुलना सगळ्यांची. आंतरराष्ट्रीय सहकार्य म्हणतात ते हे. दोन कुलगुरू शाल-श्रीफळ घेऊन सामंजस्य करारावर सह्या करताना काढतात तो फोटो म्हणजे सहकार्य नव्हे. तसले फोटो मी गेल्या वीस वर्षांत इतके छापलेत की हिशेब नाही. त्या करारांतून पुढे काय निघालं, ही बातमी मला एकदाही छापायला मिळालेली नाही.

मधाला लहान चुंबक पुरतं. पण प्रथिनं, विषाणू, कर्करोगाची औषधं, बॅटरीतले पदार्थ, यांना मोठं चुंबक लागतं. रेणू जितका गुंतागुंतीचा तितके सूर एकमेकांवर चढतात. गावच्या जत्रेत चार लाऊडस्पीकर एकदम लागल्यावर होतं तसं. चुंबक वाढवलं की सूर सुटे होतात. दवाखान्यातला एमआरआय साधारण दीड किंवा तीन टेस्लाचा. मुंबईत कुलाब्याला टीआयएफआर आहे, तिथलं ८०० मेगाहर्ट्झचं यंत्र म्हणजे जवळपास १९ टेस्ला. आणि २०२० साली इटलीत फ्लोरेन्सजवळच्या सर्म या केंद्रात जगातलं पहिलं १.२ गिगाहर्ट्झचं यंत्र बसलं, ते २८.२ टेस्लाचं. ८०० वरून १२०० वर गेलं की हिशेबाने सिग्नल पावणेदोनपटीहून जास्त वाढतो आणि तेच मोजमाप एक तृतीयांशाहून कमी वेळात होतं. किंमत म्हणाल तर शंभर कोटी रुपयांच्या घरात. वर ते चुंबक कायम द्रव हेलियमच्या थंडीत ठेवायचं, उणे २७० अंशांच्या आसपास. हेलियम संपला की चुंबक गेलं.

एवढं महाग यंत्र एकट्याने घेणं श्रीमंत देशांनाही परवडत नाही. म्हणून युरोपने ते वाटून घेतलं. उगाच त्यांना संत करू नका, पैशाचं गणितच तसं आहे. इन्स्ट्रक्ट नावाची एक युरोपीय व्यवस्था आहे, कार्यालय ऑक्सफर्डला. देश वर्गणी भरून सदस्य होतात आणि त्यांचे संशोधक दुसऱ्या देशातल्या यंत्रावर वेळ मागतात. इस्रायलसुद्धा त्यात आहे. आयनेक्स्ट-डिस्कव्हरी म्हणून एक प्रकल्प २०२० साली सुरू झाला. त्याचा नियम मला फार आवडला: परदेशातल्या यंत्रावर जायचं असेल तरच पैसे मिळायचे. स्लोव्हाकियातली पोरगी फ्लोरेन्सला जायची, यंत्राचं भाडं शून्य. अट एकच, अर्जातला प्रश्न दमदार पाहिजे. अमेरिकेत फ्लोरिडात टॅलाहासीला राष्ट्रीय चुंबक प्रयोगशाळा आहे. तिथे तर ३६ टेस्लाचं चुंबक आहे, दीड गिगाहर्ट्झचं. तिथेही अर्ज मंजूर झाला की यंत्राच्या वेळेचे पैसे लागत नाहीत, तुम्ही कुठल्याही देशाचे असा. निष्कर्ष प्रसिद्ध करायचे, बस्स.

हे काही आदर्श जग नाही. युरोपचे प्रकल्प चार-साडेचार वर्षांत संपतात आणि पुढच्याची वाट बघत बसावं लागतं. युरोपाबाहेरच्यांसाठी हात आखडता असतो. पण करोनाच्या वेळी या सवयीचा काय उपयोग झाला ते बघा. जर्मनीत फ्रँकफर्टच्या गोएथे विद्यापीठातल्या हाराल्ड श्वाल्बे यांच्या पुढाकाराने 'कोविड-१९ एनएमआर' असा गट उभा राहिला. विषाणूची प्रथिनं आणि आरएनएचे तुकडे वाटून घेतले. ब्राझीलच्या रिओपासून लॅटव्हियापर्यंतच्या प्रयोगशाळा त्यात. कुणी प्रथिन बनवायचं, कुणी मोजायचं, आणि कृती व आकडे सगळ्यांसाठी खुले ठेवायचे, म्हणजे एकाने केलेली चूक दुसऱ्याने परत करायला नको. २०२१ मध्ये त्यांनी प्रथिनं बनवण्याच्या कृती एकत्र छापल्या, त्या एका निबंधावर शंभराहून जास्त लेखकांची नावं आहेत. ही माणसं महामारीत अचानक भेटली नव्हती. वर्षानुवर्षं एकमेकांच्या यंत्रावर काम करून ओळखी, पद्धती, विश्वास तयार होता. विहीर आधी खणलेली होती, आग नंतर लागली.

आता आपल्याकडे या.

कुणी म्हणेल, पत्रकारसाहेब, भारत गरीब, आपल्याला हे कसं झेपणार? तर ऐका. १९५१ साली स्टॅनफर्डमध्ये अरनॉल्ड, धर्मट्टी आणि पॅकार्ड या तिघांनी दाखवलं की साध्या इथेनॉलमधून एक नाही, तीन वेगवेगळे सिग्नल येतात. आज जगातला प्रत्येक रसायनशास्त्रज्ञ एनएमआर वापरतो तो या कल्पनेच्या जोरावर. त्यातले एस. एस. धर्मट्टी आपले. होमी भाभांनी त्यांना टीआयएफआरमध्ये आणलं आणि मुंबईत एनएमआर सुरू झालं. पुढे १९७५ मध्ये झुरिकला रिचर्ड अर्न्स्ट यांच्यासोबत अनिल कुमार आणि वेल्टी यांनी जी पद्धत मांडली तिच्या पायावर आजचं एमआरआय उभं आहे. १९८० मध्ये अर्न्स्ट आणि कुर्ट व्यूथ्रिख यांच्यासोबतच्या प्रथिनांच्या कामातही हेच अनिल कुमार, नंतर बंगळुरूच्या आयआयएस्सीतले प्राध्यापक. अर्न्स्टना १९९१ साली नोबेल, व्यूथ्रिखना २००२ साली. मुद्दा नोबेलचा नाही. आपली माणसं या सहकार्याच्या पहिल्या पंगतीत बसलेली होती, वाढप्याच्या नाही.

आणि व्यवस्था म्हणाल तर १९८३ मध्ये टीआयएफआरला राष्ट्रीय सुविधा म्हणून ५०० मेगाहर्ट्झचं यंत्र आलं, गिरिजेश गोविल यांच्या पुढाकाराने. संकल्पना काय होती? देशभरातल्या संशोधकांनी यावं आणि वापरावं. त्या काळाच्या मानाने फार मोठा विचार होता तो.

मग अडलं कुठे?

आमच्या भागातल्या एका कॉलेजचे प्राध्यापक आहेत, रसायनशास्त्राचे. नाव घेत नाही, त्यांची नोकरी आहे. एका रानटी झुडपाच्या मुळीतून त्यांनी एक पदार्थ वेगळा केला. तो नेमका काय आहे हे कळायला एनएमआर पाहिजे. कॉलेजात यंत्र नाही. नमुना एका मोठ्या शहरातल्या संस्थेत पाठवायचा, नमुन्यामागे फी भरायची, वर ड्युटेरियमवाल्या द्रावकाचे पैसे वेगळे. फीची मंजुरी आणायला दोन महिने. नमुना गेला, रांगेत पडला. निकाल आला तेव्हा कळलं की नमुना वाटेतच खराब झालाय. परत पाठवा. परत फी. विद्यार्थ्याचं एमएस्सीचं वर्ष संपलं, पोरगा औषधांच्या एजन्सीत लागला. विषय मिटला.

(जाता जाता. त्यांच्या कपाटातल्या द्रावकाच्या बाटलीवर अमेरिकन कंपनीचं लेबल होतं. आता द्रावकात जे ड्युटेरियम लागतं ते जड पाण्यातून मिळतं, आणि जड पाण्याचा कारखाना आपल्या अलिबाग तालुक्यात थळला आहे. भारत जड पाणी निर्यात करतो. हसावं की रडावं ते तुम्ही ठरवा.)

आता टॅलाहासीचा किंवा फ्लोरेन्सचा अर्ज आठवा. यंत्र फुकट आहे, दार उघडं आहे. पण अर्ज तपासणारी समिती पहिला प्रश्न विचारते: लहान यंत्रावर काय दिसलं ते दाखवा. चारशेवर, पाचशेवर, आठशेवर सूर कुठे अडकले, आणि मोठं चुंबक का पाहिजे? प्रश्न बरोबर आहे. शंभर कोटींच्या यंत्राचे चार दिवस कुणी हौस म्हणून देत नाही. पण ज्याला चारशेचा आलेख मिळवायला वर्ष जातं, तो हा अर्ज लिहिणार कधी? म्हणजे फ्लोरेन्सचं दार आपल्यासाठी फ्लोरेन्सने बंद केलेलं नाही. ते कुलूप इथे आहे, आपल्या तालुक्यात. शिडीची वरची पायरी जग द्यायला तयार आहे आणि खालच्या तीन पायऱ्या आपण काढून ठेवल्यात.

म्हणून 'आंतरराष्ट्रीय सहकार्य' म्हटलं की त्याच दहा-बारा संस्थांची, त्याच शहरांतली माणसं विमानात चढतात. ती हुशार आहेत, कष्टाळू आहेत, त्यांच्याशी माझं भांडण नाही. भांडण या गोष्टीशी आहे की सरकारी पैशातून घेतलेलं यंत्र 'आमच्या विभागाचं' होऊन बसतं. दारावर पाटी राष्ट्रीय सुविधेची, आणि चावी एका टेबलाच्या ड्रॉवरमध्ये. सरकारने आय-स्टेम नावाचं पोर्टल काढलं, यंत्रं कुठे आहेत ते दिसावं म्हणून. २०२२ मध्ये यंत्रं वाटून वापरण्याची मार्गदर्शक तत्त्वंही आली. चांगलंच आहे. आयआयटी मुंबई, कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ इथे बाहेरच्यांसाठी तपासणी केंद्रं चालतात, त्यांचा अनेकांना आधार आहे हेही लिहिलं पाहिजे. पण पोर्टलवर यंत्राचं नाव दिसणं आणि यंत्रावर वेळ मिळणं यात आपल्याकडे जेवढं अंतर आहे, तेवढं इथून फ्लोरेन्सचंही नसेल. फी कोण भरणार, प्रवासाचे पैसे कुठून, बाहेरच्याला वर्षाला किमान किती तास द्यायचे आणि ते दिले की नाही हे कोण तपासणार? याची उत्तरं पोर्टलवर नाहीत.

वर सरकारचे एकेक निर्णय. सार्वजनिक संशोधन संस्थांना यंत्रांवर ५ टक्के जीएसटी होता, तो सवलत काढून १८ जुलै २०२२ पासून १८ टक्के केला. शंभर कोटींच्या यंत्रावर तेरा कोटी जादा. एका हाताने सरकार अनुदान देतं आणि दुसऱ्या हाताने त्यातलेच काढून घेतं. त्याआधी २०२० मध्ये दोनशे कोटींखालच्या खरेदीला जागतिक निविदा नको असा फतवा निघाला. हेतू स्वदेशीचा. पण हजार मेगाहर्ट्झच्या वरचं चुंबक तुम्ही कुठल्या एमआयडीसीतून आणणार? पुढे संशोधन संस्थांसाठी सवलती द्याव्याच लागल्या, तोवर फायली फिरत राहिल्या.

'आत्मनिर्भर' मंडळी आता कमेंटमध्ये येतील, म्हणून आधीच सांगतो. स्वतःचं यंत्र असावं, नक्की असावं. पण आज या बाजारात काय चाललंय बघा. अमेरिकेच्या अजिलेंट कंपनीने २०१० मध्ये व्हेरियन ही जुनीजाणती एनएमआर कंपनी विकत घेतली आणि २०१४ मध्ये एनएमआरचा धंदाच बंद केला. जगभरच्या प्रयोगशाळांमधली त्यांची यंत्रं पोरकी झाली. आता सगळ्यात वरच्या श्रेणीत व्यवहारात एकच मोठा विक्रेता उरलाय, ब्रुकर. जपानने स्वतःचं १०२० मेगाहर्ट्झचं यंत्र उभं केलं, पण २०११ च्या भूकंपाने आणि हेलियमच्या टंचाईने त्यांचाही घाम काढला. हेलियम तर आपण जवळजवळ सगळाच आयात करतो. दुकान एकच असेल तर शहाणं गिऱ्हाईक काय करतं? आमच्याकडे द्राक्षवाले खतं-औषधं गट करून घेतात तसं करतं. चार देशांनी, दहा संस्थांनी मिळून भाव करायचा, सुटे भाग आणि हेलियम मिळून सांभाळायचे. यंत्रांचं सहकार्य हे सौदा करायचं बळसुद्धा असतं, आणि आपण मात्र एकेकटे, वेगवेगळ्या निविदा काढत त्याच दुकानात जातो.

हे आपल्याला जमत नाही असंही नाही. क्ष-किरणांच्या बाबतीत आपण ते करून दाखवलंय! जपानमध्ये त्सुकुबाला केईके केंद्रात भारताची स्वतःची बीमलाइन आहे. जर्मनीत हॅम्बुर्गच्या पेट्रा-३ वर, इटलीत त्रिएस्तच्या एलेत्रावर भारतीय संशोधकांना वेळ मिळतो, कारण केंद्राच्या विज्ञान विभागाने पैसे भरून तो वेळ घेतलाय आणि निवड झालेल्याच्या प्रवासाची सोय केली आहे. सर्नचे आपण २०१७ पासून सहयोगी सदस्य आहोत. आपल्या हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया उभं राहतंय, २०२३ मध्ये केंद्राने २६०० कोटी मंजूर केले. मग एनएमआरचंच घोडं कुठे पेंड खातंय? तिथे सगळं ज्याच्या त्याच्या ओळखीवर सोडलंय. ज्याचे गाईड झुरिकला शिकले त्याचा विद्यार्थी झुरिकला जातो. ज्याचे गाईड औरंगाबादला शिकले त्याने काय करायचं?

माझं म्हणणं सरळ आहे. पेट्रा-३ वर घेतला तसा १.२ गिगाहर्ट्झच्या एखाद्या केंद्रात देशाच्या नावाने वेळ विकत घ्या. स्वतःचं दुसरं-तिसरं अवाढव्य यंत्र घेण्याआधी घ्या. त्यातला ठरावीक वाटा राज्य विद्यापीठं आणि जिल्ह्यांतल्या कॉलेजांसाठी राखून ठेवा. आणि त्याच दिवशी देशातल्या सार्वजनिक पैशाच्या प्रत्येक यंत्राला तोच नियम लावा: बाहेरच्या संशोधकासाठी तास बांधलेले, त्याची फी आणि एसटी-रेल्वेचा खर्च केंद्राकडून, आणि कुणाला किती तास दिले याची यादी दर महिन्याला उघड. आता तर युरोपात दुरून यंत्र चालवण्याच्या पद्धती बसवायचं काम झालंय, आर-एनएमआर नावाचा प्रकल्पच त्यासाठी होता. नमुना नीट पॅक करून पाठवायचा आणि मोजमाप आपल्या गावातल्या कॉम्प्युटरवरून करायचं. इंटरनेट आपल्याकडे पोचलंय, रील्स बघताना कुणाचं अडत नाही.

यातला पहिला भाग केला आणि दुसरा सोडला तर काय होईल तेही सांगून ठेवतो. वेळ देशाच्या नावाने घेतला जाईल आणि वापरतील तीच दहा-बारा नावं. राखीव वाटा 'पात्र अर्ज आले नाहीत' या शेऱ्यासह परत जाईल. हा शेरा तुम्ही-आम्ही खूप वेळा वाचलाय, वेगवेगळ्या योजनांच्या फायलींवर.

आपल्या खासदारांकडे मी तीन प्रश्न लेखी देतोय, संसदेत विचारावेत म्हणून. एक, सार्वजनिक पैशातून घेतलेली ५०० मेगाहर्ट्झ आणि वरची एनएमआर यंत्रं देशात किती आणि गेल्या तीन वर्षांत त्यांनी बाहेरच्या संशोधकांना किती तास दिले? दोन, त्यातले जिल्हा आणि तालुक्याच्या कॉलेजांना किती? तीन, परदेशातल्या १ गिगाहर्ट्झवरच्या यंत्रांवर वेळ मिळवण्यासाठी केंद्राने काही करार केलाय का, असेल तर त्याचा लाभ कुणाला झाला? तुमच्या ओळखीत कॉलेजातले विज्ञानाचे शिक्षक असतील तर त्यांना ही पोस्ट दाखवा आणि त्यांचा अनुभव मला इनबॉक्समध्ये पाठवायला सांगा, नाव येणार नाही. खासदारांचं उत्तर आलं की इथेच टाकतो. नाही आलं तर तेही टाकतो, तारखेसह.